आबा, लाईट आली

मी दौंडच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. भुतांच्या गोष्टींची पुस्तकं मुलांना काढून देते, पण स्वतः त्यातलं काही कधी खरं मानलं नाही. आजही मानते असं नाही... फक्त घडलं ते सांगते.

आमचं घर न्हावऱ्याला, उसाच्या कडेला. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, आणि पाळी सारखी बदलते. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लाईट आली का बघायला विहिरीवर हेलपाटे पडायचे. माझे मिस्टर विकास सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी पडवीत एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. ती सर्व्हिस म्हणून, म्हणजे कुणी सुरू न करता आपोआप, कायम पाठीमागे चालू असायची. थ्री-फेज आली की स्पीकरमधून त्यांच्याच आवाजात — "आबा, लाईट आली."

आबा तसेच अनवाणी पळायचे. ओल्या जमिनीवर उभं राहून मोटरच्या स्टार्टरला हात. विकास चपला घेऊन मागे.

"आबा, शॉक बसंल!"

"मला? करंट वळखतो मला."

उन्हाळ्यात विकास हार्ट अटॅकनं गेले.

सुतक फिटल्यावर घर धुवून काढलं. सुतकात बंद ठेवलेला स्पीकर दुसऱ्या दिवशी परत लावला, तो बोलला — "आबा, लाईट आली... चप्पल घाला."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटलं, जाण्याआधी त्यांनी रेकॉर्डिंग बदललं असेल. आबांनी निमूट चप्पल घातली. मग रोज तेच.

पण आवाज हळूहळू पुसट व्हायला लागला. तोही गेला तर... ही भीती मनात बसली. म्हणून विकासच्या कारखान्यातल्या मित्राला, समीरला बोलावलं.

त्यानं लॅपटॉप जोडला. "वहिनी, सर्व्हिस तर फेल होऊन पडलीये. फाईल सापडत नाही म्हणतेय. रेकॉर्डिंग पेनड्राईव्हवर होतं. तो कुठंय?"

पेनड्राईव्ह घर धुताना माझ्या नणंदेनं काढून विकासच्या घड्याळाबरोबर डब्यात ठेवला होता. सर्व्हिस त्याच दिवसापासून बंद होती.

"अरं, आज सकाळी बोललाय त्यो," आबा म्हणाले. "मी म्हातारा, भ्रमलो आसंन. हिला इचार की."

मी होकारार्थी मान हलवली. समीरनं डब्यातला पेनड्राईव्ह लावला, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, फाईल वाजवून बघितली.

"आबा, लाईट आली." स्वच्छ, ठणठणीत.

"आन् म्होरलं?" आबांनी विचारलं.

"एवढंच आहे, आबा." त्यानं पुन्हा वाजवली. स्क्रिप्टही उघडून दाखवली. तिच्यात एकच फाईल होती. दुसरी कुठंच नव्हती.

तेव्हापासून सर्व्हिस एकदाही चुकलेली नाही. आणि ते पुढचे दोन शब्द पुन्हा आले नाहीत.

एकदा मी गुपचूप पेनड्राईव्ह काढून ठेवला. थ्री-फेज आली, कॉम्प्युटरचा दिवा लुकलुकला. स्पीकर गप्प.

आबा दारातून बघत होते. "लाव गं ते परत," म्हणाले. "तेवढं तरी बोलू दे त्याला."

लावला. समीर अजून मधूनमधून फोन करून विचारतो, वहिनी, काही कळलं का? मला नाही कळलेलं.

आता स्पीकर बोलला की आबा उंबऱ्यावर क्षणभर थांबतात, अजून काही येतंय का ऐकत. मग वाकून चप्पल घालतात.