मातीत ओतलेल्या घागरी

ऐन दुष्काळात मी गल्लीचं प्यायचं पाणी तालमीच्या मातीत ओतलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मुरुडजवळच्या आमच्या गावात टँकर दोन दिवसांआड यायचा, घरटी चार घागरी मिळायच्या. त्यातलं पाणी.

कारण एक पैलवान. परदेशात पदकं मारून आलेला. निलंग्यापासून नायगावपर्यंत त्याचा फोटो नसलेलं न्हाव्याचं दुकान मी पाहिलं नाही. इराणात म्हणे लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं होतं. नांदेडच्या कुस्त्यांत मी गर्दीत घुसून त्याचा हात धरला आणि आमच्या तालमीचं आवतण दिलं. तो म्हणाला, "येतो की. माती तयार ठेवा." माझा देह म्हणजे खुंटीला टांगलेला सदरा, पण त्या दिवसापासून मी छाती काढून चालायला लागलो.

पुढे कळलं, सत्कारासाठी तो आमच्याच रस्त्यानं लातूरला जाणार. तालमीची माती तर दगड झालेली. एरवी ती ताक, तेल घालून मऊ करतात. त्या साली ताक कुठलं? मी दारोदार पाणी मागत फिरलो. शेजारच्या काकूंची लेक घरात बाळंतीण होती. तरी त्यांनी दोन घागरी दिल्या.

"येनार हाय ना रे त्यो नक्की?"

"काकू, माझा शब्द हाय."

माती अशी भिजवली की नुसतं बघूनच लोळावंसं वाटावं. मग सकाळपासून हार घेऊन फाट्यावर उभा. दुपारी मोटार आली. मी तिला आडवा गेलो. काच खाली आली.

"पैलवान, नांदेडला भेटलो होतो! माती तयार हाय!"

तो गोड हसला. हार घेतला, माझ्या खिशातलं पेन काढलं, हार गुंडाळलेल्या कागदावर सही करून तो माझ्या हातात दिला, "शाब्बास" म्हणाला. मोटार गेली. पेनही गेलं.

तालमीपाशी काकू रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. माती तोवर पुन्हा तडकली होती. मी कागद नाचवत पैलवानाला शिव्या घालायला लागलो: दगाबाज, शब्द न पाळणारा, असलं बरंच काही. काकूंनी रिकामी घागर माझ्या पुढ्यात ठेवली.

"त्याला कशाला शिव्या देतो? त्यो कधी आलता माझ्या दारात? पाणी मागायला तू आलतास, मुडद्या."