पंख्यावरची रेघ

लसींचा डबा घेऊन मी धरणापलीकडच्या पाड्यावर निघाले होते. पाण्याच्या मध्यावर इंजिन किंचाळायला लागलं आणि होडी जागची हलेना. होडीवाला घाबरून रेस वाढवत राहिला.

समोर बसलेला पन्नाशीचा अनोळखी माणूस मान वाकडी करून तो आवाज ऐकत होता. "बंद कर रे," तो म्हणाला. होडीच्या मागं लावलेलं इंजिन वर उचलून त्यानं पाण्यातला पंखा पुसला, बोटांनी चाचपला. मग बाळांच्या बोटावर खूण करायचा माझा मार्कर मागून घेतला आणि पंख्याच्या मधल्या नळीपासून पात्यापर्यंत सरळ रेघ ओढली. इंजिन क्षणभर चालवून पुन्हा उचललं, तर रेघेचे दोन तुकडे झाले होते. नळीवरचा एकीकडे, पात्यावरचा भलतीकडे.

"नळी न् पात्यांच्या मधला रबर सुटलाय, नळी नुसतीच फिरते, पाती नाय. या इंजिनाला हा पंखा मोठा पडतो, धाकटा बसव. आता एकदम हळू ने, हळू फिरवलं तर रबर धरून राहील, पोचू आपण."

पोचलो, डब्यातला बर्फ विरघळायच्या आत. उतरताना मी विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"खाडीवर होड्या दुरुस्तीच्या कामाला जातो ना, पावसाळा सोडून."

होडीच्या कडेवरची घट्ट मूठ सोडवत तो ओशाळं हसला. "पोहता नाय येत ताई मला. म्हणून आवाजावर कान असतो."