चुलतसासऱ्यांची विलायती विधवा

विक्टोरिया राणीचं राज्य संपल्याची बातमी अख्ख्या मद्रासेत एकाच माणसापर्यंत पोचली नव्हती, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघावा हे माझं भाग्य. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. मद्रासजवळच्या तांबरमला राहणारे हे तंजावरी मराठी गृहस्थ कचेरीत हेडक्लार्क होते. इंग्लंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण दुपारच्या चहाला कोणते हातमोजे घालावेत हे त्यांनी तिथल्या बाईलाही ऐकवलं असतं. राणीच्या काळातली एक सातशे पानी कादंबरी त्यांनी दहा वर्षं खपून मराठी नाटकात उतरवली होती. पानं फारशी कमी झाली नव्हती. तालमी भर मे महिन्यात, त्याही लोकरी कोट घालून. “माप्पिळ्ळे,” ते मला, जावयाला, बजावत, “कोट नसला तर इंग्रज होईना.” नायक दोनदा चक्कर येऊन पडला. सुती कपड्यात इतका जिवंत अभिनय जमला नसता, असं त्यांचं मत पडलं.

घोडं अडलं ते नायिकेपाशी. ती तरुण विधवा. काळा झगा शिवून तयार होता, पण त्यात शिरायला बाई मिळेना. कुंकू पुसून चारचौघांत उभी राहायला लग्न झालेली तयार होईना, आणि लग्नाच्या मुलींच्या आया तर यांना दारातही उभं करीनात. माझ्या बायकोला विचारायला आले तेव्हा मीसुद्धा एकदाचा घरचा कर्ता झालो आणि नाही म्हणालो. नाटक मोडलं तर दहा वर्षं पाण्यात जाणार होती. शेवटी त्यांनी झगा स्वतःच चढवला आणि प्रयोगाच्या आठवडाभर आधी आपली भरघोस मिशी उतरवली.

आता, आमच्यात मिशी उतरते ती आई किंवा वडील गेल्यावर. वडील कधीच गेले होते. घरात होत्या त्या ब्याऐंशी वर्षांच्या आई. त्यांना दिसू नये म्हणून हे दाढदुखीच्या नावाखाली तोंडाला पंचा गुंडाळून वावरू लागले. कचेरीत काही पंचा गुंडाळता येईना. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी बसलो असताना साहेबासकट पाच जण पडेल चेहऱ्यांनी समाचाराला आले. दार आईंनीच उघडलं. सगळ्यांना बसवलं, कॉफी दिली. या कुणी आत्याबाई असाव्यात असं समजून साहेबांनी हलक्या आवाजात त्यांनाच विचारलं, की यांची आई शेवटी फार त्रास न होता गेली ना?

आईंनी मुलाला बाहेर बोलावलं आणि पंचा सोडायला लावला. मी हसू दाबायला खिडकीकडे वळलो. परत वळलो, तर आईंनी मुलाची हनुवटी धरली होती.

“मी गेल्यावर असा दिसशील होय,” त्या म्हणाल्या. “बरं झालं, मला पाह्यला मिळालं.”

नाटक कर, मग मिशी वाढव, एवढंच त्यांनी पुढं सांगितलं. प्रयोगाला त्या पहिल्या रांगेत बसल्या. विलायती विधवा आली तसं सभागृह हसून लोळलं. तीस वर्षं वैधव्यात काढलेल्या आई मात्र शेवटपर्यंत ताठ बसून बघत होत्या.

पुढच्याच वर्षी त्या गेल्या. न्हाव्यानं चुलतसासऱ्यांची पुन्हा वाढलेली मिशी उतरवली तेव्हा मी शेजारी उभा होतो, आणि मला एकही चेष्टा सुचली नाही. फार वाईट वाटत होतं. त्यांनी ओठावरून हात फिरवला.

“आईनं पाह्यलेलं तोंड आहे हे,” ते म्हणाले.