चपला काढायची जागा

एखाद्या जपानी चित्रकाराला एकदा म्हणून बघा, 'तुझं काम फार सुंदर आहे.' तो कमरेत वाकेल, तोंडासमोर हात हलवेल आणि म्हणेल, 'छे छे, अजून काहीच जमत नाही.' दुसऱ्यांदा म्हणा, आणखी वाकेल. तिसऱ्यांदा म्हणायला जगात कुणाला वेळ नसतो, आणि नेमकं तेवढंच या पोरांच्या डोक्यात शिरत नाही. मी सिंगापूरमध्ये हेच काम करते. जपानमधल्या नवख्या कलाकारांना इथे बोलवायचं, सहा महिने राहायला जागा आणि स्टुडिओ द्यायचा, आणि परदेशातल्या संग्रहालयांच्या लोकांशी त्यांची गाठ घालून द्यायची. वधूवर सूचक मंडळच म्हणा ना. फक्त इथे मुलगी स्वतःच सांगत सुटते की मला स्वयंपाक येत नाही आणि माझा स्वभावही बरा नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून इथे आले तेव्हा कलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. जाहिरातीच्या कंपनीत उमेदवारी केलेली, त्यामुळे माल कसा खपवायचा ते कळत होतं. 'माल' म्हटलं की आमच्या ऑफिसातली मंडळी तोंड वाकडं करतात. करोत बापडी. खपवायला गेलं की सगळ्यांना मीच लागते.

तर गेल्या वर्षी एक मुलगी आली. तिशीची असेल, बारीक अंगाची, आवाज इतका हळू की लिफ्टमध्ये शेजारी उभं राहूनही 'काय?' म्हणावं लागे. ती चित्रं काढत नसे. जपानी हातकागद ओला करायची, कुणाच्या तरी दारापुढच्या पायरीवर पसरायची, ब्रशनं ठोकून ठोकून बसवायची आणि वाळला की अलगद सोलून काढायची. पायरीचे ओरखडे, चिरा, पाय पडून पडून झालेला खोलगटपणा, सगळं कागदावर उमटायचं. माणसं चपला जिथे काढतात तीच जागा तिला हवी असायची. इथे एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, इमारतींमध्ये मजल्यामजल्यावर दारांपुढे चपलांचे ढीग बघून ती हरखून गेली. दुपारभर कुणाच्या तरी कॉरिडॉरमध्ये गुडघे टेकून बसायची. चिनी आज्या तिला आधी हाकलायच्या आणि मग खायला आणून द्यायच्या.

पण कागद वाळेल तर ना! सिंगापूरची हवा म्हणजे ओल्या फडक्यात तोंड खुपसल्यासारखी. कागद ओलाच राहायचा आणि दोन-चार दिवसांत त्यावर काळे ठिपके. मी घरचा हेअर ड्रायर नेऊन दिला. नवरा म्हणाला, 'म्हणजे आता मी डोकं फॅनखाली वाळवायचं?' म्हटलं, 'तुझ्या डोक्यावर वाळवण्यासारखं राहिलंय काय?' शेवटी एसी कोरड्या हवेवर लावून दार घट्ट बंद ठेवलं, तेव्हा कुठे पंधरा-वीस ठसे धड निघाले. आणि ते बघून मी, कलेतलं काही न कळणारी बाई, एकेक ठसा पुन्हा पुन्हा बघत बसले. एका ठशात दाराच्या एकाच बाजूला खड्डा पडला होता. त्या घरातले आजोबा काठी टेकून तिथेच बूट घालतात म्हणे, वर्षानुवर्षं. काठी कागदावर उमटली होती.

आता तिची अडचण सांगते. जपानच्या समुद्रकाठी एका लहान गावात तिच्या वडिलांचं टोफूचं दुकान. तिच्या खापरपणजोबांनी काढलेलं. पहाटे उठायचं, सोयाबीन दळायचं, पाण्यात हात घालून उभं राहायचं. वडिलांचे गुडघे गेलेले. त्यांच्याशी तिचं ठरलं होतं की सिंगापूरचा मुक्काम संपेपर्यंत बाहेरच्या एखाद्या मोठ्या जागेचं बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर घरी येऊन दुकानात उभं राहायचं आणि कागद कायमचा बंद. वडिलांनी धाक घातला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं होतं. हे तिनं मला इतक्या सहज सांगितलं, जणू उद्या बाजारात जायचंय. माझीच रात्रीची भूक गेली.

मग मी कंबर कसली. युरोपातल्या एका संग्रहालयाची क्युरेटर, म्हणजे तिथे कुणाचं काम लागणार हे ठरवणारी बाई, सिंगापूरवरून पुढे जाणार होती. तिच्या मागे लागून लागून मी एक तास मिळवला. मुक्काम संपायला थोडेच दिवस उरलेले. म्हणजे हाच एक तास, दुसरा नाही.

त्या तासासाठी मी या मुलीला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसवून तालीम दिली.

'मी म्हणणार, वा, काय सुंदर काम आहे! तू काय म्हणायचं?'

'थँक यू.'

'शाब्बास. आणि मग?'

'मग... पण अजून फार कच्चं आहे.'

'अगं बाई माझे! थँक यू म्हणायचं आणि तोंड मिटायचं!'

'मिटते,' ती म्हणाली आणि माफी मागितली. मग माफी मागितल्याबद्दल माफी मागितली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. घरी येऊन हे सगळं तणतणत सांगितलं, तर माझी लेक इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, 'आई, यू आर द सेम, लाह. परवा त्या काकूंनी पुरणपोळी छान झालीय म्हटलं तर तू म्हणालीस, पुरण जरा पातळच झालंय.' म्हटलं, ते वेगळं.

तो दिवस उजाडला. क्युरेटरबाईंना घेऊन मी स्टुडिओच्या इमारतीत आले. जुना कारखाना आहे तो, सामानाच्या लिफ्टनं वर जावं लागतं. लिफ्टमध्ये मी तिला मनापासून सांगत होते की स्टुडिओत पाय ठेवायला जागा नाही, भिंतीभर, जमिनीभर कागद, बघाच तुम्ही. बाई खूश झाली. या लोकांना पसाराच बघायचा असतो. अर्धवट कामं, फसलेली कामं, डाग पडलेली भांडी, त्यावरून त्यांना माणूस कळतो.

दार उघडलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

खोली लख्ख. जमीन आरशासारखी पुसलेली. भिंती मोकळ्या. एकच ठसा, सर्वांत लहान, सर्वांत गुळगुळीत, भिंतीच्या मधोमध. त्याच्यासमोर बुटकं टेबल, टेबलावर चहा, आणि फुलाच्या आकाराची मिठाई. बाकीची सगळी कामं पाठीमागच्या कपाटात गेली होती. पाहुणे येणार म्हणून मुलीनं घर आवरलं होतं! सहा महिन्यांचं काम कोंबलं होतं कपाटात, आणि स्वतः दारात वाकून उभी. तशीच माझी आई, पाहुण्यांची रिक्षा थांबल्याचा आवाज आला की धुतलेल्या कपड्यांचा ढीग उचलून कपाटात ढकलायची आणि दाराला पाठ लावून हसतमुख उभी राहायची. पण आईकडे युरोपातलं संग्रहालय येत नव्हतं हो!

आणि तेवढ्यानं भागलं नाही. दारातच सपाता मांडून ठेवलेल्या. बूट काढून आत यायचं. क्युरेटरबाईंच्या पायांत घोट्यापर्यंत लेस बांधलेले जाडजूड बूट. उन्हाने लाल झालेली ती धिप्पाड बाई वाकून वाकून एकेक गाठ सोडवत होती आणि तिचा तास असा लेस सोडवण्यात चालला होता. माझा जीव टांगणीला.

आत आल्यावर बाईनं तो एकुलता एक ठसा पाहिला. 'सुंदर,' म्हणाली.

मुलगी म्हणाली, 'थँक यू.' आणि तोंड मिटलं. तालमीत शिकवलेलं असं नको तिथे उपयोगी पडलं. बाई काहीतरी ऐकायची वाट बघतेय, ही तोंड मिटून उभी.

'आणखी काही आहे का?'

'आहे,' मुलगी म्हणाली. 'पण तुम्हाला दाखवण्यासारखं नाही.'

मी कपाटाकडे निघाले. ती हसत हसत माझ्या आडवी आली आणि वाकली. मी डावीकडे सरकले, तीही डावीकडे. काय करणार? बाईसमोर झोंबाझोंबी करणार? डोळ्यांनी जितक्या शिव्या देता येतील तितक्या दिल्या. ती पुन्हा वाकली.

मग चहा झाला. हवेविषयी बोलणं झालं. बाईनं मिठाईचं कौतुक केलं. मिठाई आदल्या दिवशी मीच आणून दिली होती. मग घड्याळ बघितलं आणि सभ्यपणे उठली. संपलं सगळं. ती दुकानात ओट्याशी उभी कशी दिसेल ते मी मनात बघत होते, थंड पाण्यात हात, डोक्याला रुमाल. इतका राग आला होता की रडू येईल असं वाटत होतं.

बाई दाराशी आली. बूट घालायला म्हणून खाली बघितलं आणि थबकली. तिनं बूट काढून टाकले होते ते आतल्या बाजूला तोंड करून, एक आडवा पडलेला. आता ते दोन्ही नीट शेजारी शेजारी, तोंडं बाहेरच्या बाजूला. आम्ही चहा घेत असताना कधीतरी मुलीनं ते फिरवून ठेवले होते.

'हे तू केलंस?' बाईनं विचारलं. 'का?'

आता प्रश्न तिच्या कामाबद्दल नव्हता ना! बुटांबद्दल होता. आणि बुटांबद्दल नम्र कशाला व्हायचं? मुलगी बोलायला लागली. तिच्या तोंडून एवढी वाक्यं मी सहा महिन्यांत ऐकली नव्हती. आमच्याकडे पाहुण्याचे बूट फिरवून ठेवतात, म्हणाली, जाताना त्यांना उलटं वळून खटपट करावी लागू नये म्हणून. माणूस येतो तेव्हा बूट कसेही टाकतो, जाताना मात्र तिथे थांबतो. पायरी झिजते ती येणाऱ्यांनी नाही, निघता निघता रेंगाळणाऱ्यांनी. थांबा, दाखवते.

आणि स्वतःच्या पायांनी गेली, स्वतःच्या हातानं कपाट उघडलं, आणि काठीवाल्या आजोबांचा ठसा घेऊन आली.

बाई एक बूट घालून दारातच खाली बसली होती. मुलीनं कागद तिच्यासमोर जमिनीवर पसरला. मग दुसरा आणला. मग तिसरा. बुरशीचे ठिपके पडलेले, अर्धे फाटलेले, ज्यांच्याकडे मलासुद्धा बघू देत नसे ते सगळे. आतली जागा पुरेना, तर दोघी कॉरिडॉरमध्ये सरकल्या. टॅक्सीवाल्याचा फोन आला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. बाईच्या एका पायात बूट, एका पायात मोजा, आणि ती गुडघ्यांवर रांगत ठसे बघत होती.

मी आपली भिंतीला टेकून उभी. आमच्या घरी तरी काय होतं? पाहुणा बैठकीत असतो तोवर हवापाणी, मुलांचे मार्क. 'बरंय, निघतो' म्हणून उठला, चपला घातल्या, की मग दारात खरं ते बाहेर पडतं, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाला काय दुखतंय. वडील चिडायचे, 'अहो, मग बसूनच बोला ना!' पण बसून ते बोलणं होत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी त्या पोरीला हॉकर सेंटरमध्ये बसवून थँक यू शिकवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मुलीला त्या संग्रहालयाचं बोलावणं मुक्काम संपायच्या आत आलं. तिनं ते वाचलं, दोनदा वाकली, कुणाला ते देव जाणे, आणि माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला. मला जपानी कळत नाही, पण आवाज कळतो. ती बोलली. मग म्हाताऱ्यानं काही थोडे शब्द म्हटले. मुलीनं डोळे पुसले.

'काय म्हणाले?' मला राहवेना.

'अभिनंदन म्हणाले. दुकान बंद करतील.'

तिच्या हाती ज्याची मी सहा महिने वाट बघत होते ते होतं, आणि त्यासाठी चार पिढ्यांचं दार बंद होणार होतं. हे मला आधीपासून माहीत असूनही, खरं सांगते, मी एकदाही त्या बाजूनं विचार केला नव्हता.

'मी विचारलं,' ती म्हणाली, 'बंद करायच्या आधी दुकानाच्या पायरीचा ठसा घेऊ का. घे म्हणाले. पण पायरी फार खराब झालीय, दाखवण्यासारखी नाही. मी यायच्या आधी घासून स्वच्छ करून ठेवतील.'

'अगं, नको!' मी ओरडलेच. 'सांग त्यांना! हात लावू नका म्हणावं पायरीला! आत्ता सांग!'

ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तोंडावर हात न धरता हसली. अजून चालूच असलेल्या फोनमध्ये काहीतरी बोलली, ऐकलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हातारा ऐकणारा नव्हता. लेक घरी येणार म्हटल्यावर पायरी घाण कशी ठेवायची?

त्यानं घासलीच ती. गुडघ्यांनी वाकता येत नसताना, दगडाची पायरी, ब्रश घेऊन, लख्ख. ठसा घेतल्यावर तिनं मला फोटो पाठवला. एक डाग म्हणून नाही कागदावर. मधोमध फक्त एक खोल खळगा आहे, बशीएवढा, चार पिढ्यांनी पहाटे दुकान उघडताना जिथे पाय टेकला तिथे. तो काही म्हाताऱ्याला घासून काढता आला नाही.