खालच्या मजल्यावरची वखार

गोऱ्यांच्या साम्राज्यांवर काकूंइतका राग दुसऱ्या कुणाचा नसेल. टोकियोतल्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहतात. काकांची बँकेतली बदली म्हणून इथं आल्या. त्याआधी ठाण्यात जन्मभर इतिहास शिकवत होत्या. सुपरमार्केटात मिऱ्यांची पुडी हातात घेतली तरी यांचा तास सुरू. "मिरी, चहा, रेशीम ही सगळी निमित्तं गं! कच्चा माल फुकटात हवा, पक्का माल खपवायला गिऱ्हाईक हवं, आणि वर आम्ही तुम्हाला सुधारलं म्हणायला मोकळे!" योकोहामाच्या बंदरावर एका अमेरिकन पर्यटकानं फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं, तर काकूंनी फोन हातात घेऊन आधी त्याची उलटतपासणी घेतली. "तुमची जहाजं इथं कोळसा भरायला बंदर मागत आली होती. तुम्ही कशाला आलात?" तो बिचारा म्हणाला, "सुट्टीवर." काकूंना ते अजिबात पटलं नाही.

अशा काकूंनी फराळाचा घरगुती धंदा काढला आणि माझ्याकडे आल्या. "आमचा फ्रीज पडला लहान. एवढासा भाजणीचा डबा ठेवू का गं तुझ्याकडे?" डब्यापाठोपाठ एक कप्पा गेला, मग खवलेल्या नारळासाठी फ्रीझर. पुढे चकल्याही माझ्याच ओट्यावर तळल्या जाऊ लागल्या आणि त्या वेळात माझ्या नवऱ्याला स्वयंपाकघरात बंदी झाली. एका सकाळी माझाच चहाचा डबा मला बाल्कनीत सापडला, आणि मी हबकलेच.

"काकू," मी म्हटलं, "ते लोकसुद्धा असेच आले ना? आधी वखार, मग किल्ला?"

त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. चेहरा पांढराफटक. "अगं बाई! मी? मी हे केलं?" गॅस बंद करून त्या भराभर डबे गोळा करायला लागल्या. थांबा म्हटलं तरी ऐकेनात. शेवटी नारळाच्या पिशव्या घेऊन मीही त्यांच्यामागून खाली गेले.

त्यांनी फ्रीज उघडला आणि आता हादरायची पाळी माझी होती. कपाटाएवढा फ्रीज, आत दुधाची पिशवी आणि दोन लिंबं.

"मग माझ्याकडे कशाला, काकू?"

"तुझ्याकडे आवाज असतो गं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोरं भांडतात, कुकर होतो. इथं हे घरी येईपर्यंत फक्त लिफ्ट वाजते."

मला रडूच आलं. हात धरून मी त्यांना परत वर आणलं. आता त्या रोज येतात, पण खुर्चीच्या कडेवर बसतात. पाण्याची बाटली घ्यायची असली तरी फ्रीजपाशी उभ्या राहून विचारतात, "उघडू का गं?" फार लागतं मला ते.