रोह्यातून न दिसणारे गणपती

तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पेणच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात टायपिंग करायचे आणि राहायचे जवळच्या जोहे गावात, एका गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर. शाळा आठवीत सुटलेली, गाव पार हिंगोलीकडे. ज्या मावशीच्या आधाराने इथे आले तिच्या नवऱ्याची बदली झाली, तेव्हा कारखान्याच्या मालकीणबाईंनी, काकींनी, मला ठेवून घेतलं. "एकटी कुठं खोली बघत फिरशील गो, ऱ्हा हितंच," एवढंच म्हणाल्या. सकाळी निघताना भाकरीसुद्धा बांधून द्यायच्या. ते उपकार मी विसरायची नाही. पण दुसऱ्याच्या घरात अशा मायेवर राहणाऱ्या माणसाला एक धाक असतो, की आज ना उद्या काहीतरी चुकेल आणि आपल्याला जा म्हणतील. मी माळ्याचा लाकडी जिनासुद्धा आवाज न करता चढायचे.

या काकींसाठी आमच्या दुकानाने वेबसाइट केली. सुचवलं मीच. परदेशातल्या एका मंडळाला मूर्ती बोटीने पाठवायच्या होत्या आणि त्यांना आधी नमुने बघायचे होते. फोटो मी स्कॅन केले, मजकूर मी टाइप केला. काकींना दुकानात खुर्चीवर बसवून दाखवलं. पडद्यावर गणपती वरून खाली सावकाश उमटत गेला, आधी मुकुट, मग डोळे, मग सोंड. काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मग त्यांचे जावई मध्ये पडले. ते रोह्याजवळ वरशाला राहायचे, कंपनीत होते. पहिली पाळी सुटल्यावर दुपारी रोह्यातल्या सायबर कॅफेत जाऊन त्यांनी साइट उघडून पाहिली. उघडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कॅफेवाला म्हणाला, अशी साइटच नाही, तुम्हाला कुणीतरी बनवलंय. रविवारी जावई जोह्याला आले आणि ओटीवर बसून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "फोटो त्यांच्याच कॉम्प्युटरात भरून ठेवलेत आणि तेच तुम्हाला दाखवतात. बाहेर जगाला काय दिसतंय? काही नाय. घरात ठेवलेल्या माणसानंच असं करावं म्हणजे कमाल हाय."

काकी चहा टाकायला आत गेल्या. एक शब्द माझ्या बाजूने बोलल्या असत्या तर मला पुरला असता.

सोमवारपासून मी फोनच्या मागे लागले. साइट ज्या मुंबईवाल्याच्या मशीनवर ठेवली होती तो म्हणाला, "आमच्याकडून दिसतेय." अलिबागच्या एका कॅफेत विचारलं, तिथूनही दिसत होती. रोह्याचा कॅफेवाला ज्या कंपनीचं इंटरनेट वापरायचा त्या कंपनीला फोन केला. मराठी ऐकताच त्यांनी मला फोनवर गाणं ऐकवत ताटकळत ठेवलं, आणि बऱ्याच वेळाने एकजण म्हणाला, "प्रॉब्लेम तुमच्या बाजूला आहे, मॅडम. कॉम्प्युटर बंद करून चालू करा." माझा कॉम्प्युटर! मी त्याला परत परत सांगत होते की माझ्याकडून दिसतंय, रोह्यातून दिसत नाही. "मग झालं तर," असं म्हणून त्याने फोन ठेवला. ज्याला विचारावं त्याच्या इथे सगळं ठीक. खोटी तेवढी मी.

रोह्याच्या कॅफेवाल्यालाही रोज दुपारी फोन करत होते.

"मॅडम, तुमच्या पेणची लाईन वेगळी, आमची वेगळी. सगळ्या साइट इकडे पोचत नाहीत."

"मग कुठल्या पोचतात?"

"ज्या चांगल्या असतात त्या."

आठवडा असाच गेला. शनिवारी सकाळी खाली आले तर काकी म्हणाल्या, "चल रोह्याला. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे." मी आंघोळ करून आले तोवर माझी वळकटी आणि पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आणून दाराशी ठेवलेली. "वर मूर्ती सुकत लावायच्यात," काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. दिवस उन्हाळ्याचे होते. अंगणभर ऊन पडलं होतं.

पेणहून गाडीने गेलो. रोह्याला जावई स्टेशनवरच उभे होते, पुरावा दाखवायला आल्यासारखे.

कॅफेत पाच कॉम्प्युटर होते आणि पाचही अडलेले. पोरं क्रिकेटचा स्कोर बघत होती. कॅफेवाल्याने एकाला उठवून आम्हाला जागा करून दिली. "हे बघा, आमचं नेट कसं पळतं," म्हणत त्याने क्रिकेटचं पान उघडलं. अख्खा खेळाडू बॅटसकट एका दमात समोर. आमच्याकडे मुकुट उमटेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मला वाटलं, कंपनी चांगली असेल. मग त्याने आमचा पत्ता टाइप केला. पान उघडत नाही, असं लगेच आलं. जावयांनी काकींकडे बघितलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कॅफेवाला म्हणाला, "हां, येतो जेवायला. भात लाव," आणि रिसीव्हर ठेवला.

काकी फोनकडेच बघत राहिल्या. "ह्यो वाजला कसा रे?"

"म्हणजे?"

"हिच्या दुकानात नेट चालू असलं का फोन लागतच नाय. मी किती येला कावलेय हिच्यावर. तुझ्याकडं चार पोरं नेटवर बसलीत आनि बायकोचा फोन पन येतो?"

"दुसरी लाईन हाय, आजी."

"व्हय? मंग दुसरा फोन दाखव."

तेव्हा नेट फोनच्याच तारेवरून यायचं. मला एकदम आठवलं. रोज दुपारी मी याला फोन करत होते आणि एकदाही लाईन बिझी लागली नव्हती. मी उठून टेबलामागे गेले. मोडेमवर एकही दिवा नव्हता. फोनची वायर त्याला जोडलेलीच नव्हती.

हा माणूस रोज संध्याकाळी नेट जोडायचा, लोकांना आवडणारी पानं कॉम्प्युटरात साठवून घ्यायचा आणि दिवसभर तीच शिळी पानं इंटरनेट म्हणून तासावर विकायचा. जे साठवलेलं नसेल ते उघडणार कुठून? मग ती साइट वाईट आणि ती करणारे चोर.

"तरी म्हटलं," कोपऱ्यातला पोरगा म्हणाला, "सकाळधरनं स्कोर हलत का नाय."

"फोनचं बिल फार येतं, मॅडम," कॅफेवाला हळू आवाजात म्हणाला. "जरा समजून घ्या."

"माझं अंथरूण दारात आलंय, भाऊ," मी म्हणाले. "ते कोण समजून घेणार?"

जावयांना काही कळलं नाही. काकींना कळलं. त्या मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

मी त्याला वायर लावायला लावली. मोडेम किंचाळला, दिवे लागले, आणि मुकुट उमटायला लागला. डोळे आले, सोंड आली.

"बघा," जावई म्हणाले, "मी म्हणतच होतो ना, काहीतरी गडबड हाय."

परतीच्या गाडीत काकींनी शेंगा घेतल्या आणि सोलून सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत राहिल्या. मी खाल्ले. राग तसाच होता, आणि आता तो कॅफेवाल्याइतकाच त्यांच्यावरही होता. हे त्यांना कसं सांगणार? त्यांनी मला घर दिलं होतं.

घरी पोचलो तर वळकटी दाराशी तशीच. काकींनी वाकून ती स्वतः उचलली आणि जिन्याकडे निघाल्या.

"मूर्ती सुकवायच्या होत्या ना वर?" मी विचारलं. तोवर कधी मी त्यांच्याशी अशा आवाजात बोलले नव्हते.

"सुकतील कुठं पन," त्या म्हणाल्या. "पेटी घे."

मी पेटी घेतली आणि त्यांच्यामागून जिना चढले. प्रत्येक पायरी वाजवत.