गाडी स्लोवर बंद पडते

बाबांची जुनी गाडी कार्बोरेटरची होती आणि ती स्लोवर बंद पडायची. म्हणजे पळताना ठीक, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढून सिग्नलला थांबलं की दोन आचके देऊन गप्प. सुपेल्याच्या चौकात मागून हॉर्न सुरू व्हायचे आणि शेजारच्या सीटवर आई पदर तोंडावर ओढून बसायची. आईचे गुडघे गेले होते. आठवड्यातून दोनदा तिला शेक घ्यायला न्यावं लागे, आणि ऑटोत तिला चढता येत नव्हतं. गाडी चालू राहणं ही घरची गरज होती, बाबांची हौस नव्हे. हौसही होती म्हणा.

मेकॅनिककडे न्यायचं नाव काढायची सोय नव्हती. बत्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये काढलेल्या माणसाला सुपेल्यातला कोणी काय शिकवणार, असा बाबांचा खाक्या. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही रिसालीत घर बांधलं होतं. त्याच्या फाटकासमोर दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं.

मिलमध्ये आवाज इतका की तिथे बोलत नाहीत, हातांनी सांगतात. पंजा खाली दाबला की कमी कर, वर उचलला की वाढव, मूठ म्हणजे बंद. बाबांनी ती भाषा घरी आणली. लहानपणापासून आम्ही जेवतानाही खुणा करायचो. पाहुण्यांना गंमत वाटायची. त्यामुळे बाबांना ऐकू येईनासं नेमकं कधी झालं, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. झालं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा बँकेतला बाबू त्यांच्या कानाशी ओरडून बोलला, तर घरी येऊन ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून आईनं बजावून ठेवलं होतं, "यायच्यासमोर आवाज चढवून बोलायचं नाई." आम्ही हातांवर निभावून नेलं.

तर रविवारी मी स्टिअरिंगमागे आणि बाबा बॉनेटखाली. त्यांनी काही म्हणून सोडलं नाही. कार्बोरेटर उतरवून पेट्रोलमध्ये धुतला, जेट फुंकून साफ केले, प्लग घासले, हवेचा स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवून पाहिला. इंजिन सुधारायचं, आठ दिवसांनी पुन्हा तेच. इंजिनवर तळहात ठेवून ते त्याची थरथर मोजायचे. मला तेव्हा त्यांचा अभिमानच वाटायचा.

अशाच एका रविवारी बाबा इंजिनात वाकलेले असताना गाडी जराशी सरकली, म्हणून मी ब्रेक दाबून धरला. पायाशी, पेडलच्या मागून, सूं असा आवाज आला, टायरमधून हवा निघते तसा. त्याच क्षणी इंजिन अडखळलं. पाय उचलला, आवाज बंद, इंजिन सरळ. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मला गाडी चालवता येत नाही. पण ब्रेकचं आणि इंजिनचं काहीतरी बिनसलंय, एवढं कळायला फार अक्कल लागत नाही.

या आवाजाला आमच्याकडे खूण नव्हती. चालू इंजिनाशेजारी उभं राहून बाबांच्या कानाशी ओरडावं लागलं असतं, आणि शेजारचे दोन रिटायर्ड काका चहाचे कप घेऊन फाटकाशी त्यांची कारागिरी बघत उभे होते. मी मूग गिळून बसले. संध्याकाळी सांगू म्हटलं. तेवढ्यात बाबांनी स्लोचा स्क्रूच आवळून टाकला. इंजिन जरा जोरात, पण न थांबता चालू राहिलं.

"झाली ना," बाबा म्हणाले. "आता नाई बंद पडत."

काकांनी माना डोलावल्या. संध्याकाळी सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी टाळलं.

त्या गुरुवारी अंडरब्रिजच्या उतारावर पुढचा ट्रक थांबला आणि बाबांची गाडी थांबली नाही. बाबांना खरचटलं. आईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली नाही.

चेपलेली गाडी शेवटी सुपेल्यातल्या गॅरेजमध्येच गेली. मेकॅनिकनं ती पाहून मला सांगितलं, "ब्रेक बूस्टर का परदा फटा है। वहीं से हवा खींच रही थी, इसीलिए स्लो नहीं पकड़ती थी। ब्रेक तो पत्थर हो गया होगा। दबाने पर आवाज़ नहीं आती थी क्या?" ब्रेक दाबायला जोर देणारा पडदाच फाटला होता, म्हणून पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं.

बाबा दोन पावलांवर उभे राहून त्याच्या ओठांकडे बघत होते. "काय म्हणून राहिला तो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं, "गाडी जुनी झाली, बाकी काही बिघाड नाई, म्हणून राहिला."

बाबांचा मान राखला, अशी मी माझी समजूत घालत आले. खरं म्हणजे मी माझी कातडी वाचवली. मला त्याची आजही लाज वाटते.

गाडीत दोष नाही म्हटल्यावर बाबांनी तो स्वतःत शोधला. "माह्या पायातच जोर नाई राहिला," भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले. त्यांना आपला आवाज किती चढतो ते कळत नसे, त्यामुळे आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या आईला सगळं ऐकू जायचं.

एका दुपारी ते औषधं आणायला गेलेले पाहून आईनं मला जवळ बोलावलं.

"यायले पायाचं आधीच ठाऊक होतं काय?" तिनं विचारलं. "तरी मले घेऊन गेले?"

"मले काय माहीत," मी म्हटलं. "मी कुठं गाडीत होती."

त्या दिवसापासून आईनं बाबांच्या हातून औषध घेणं सोडलं. चमचा मी धरायचे आणि बाबा दाराशी उभे राहून बघायचे. सात महिन्यांनी ती गेली, तोवर असंच चाललं.